डावीकडची खुर्ची

तर तीन चॅम्पियन घडवलेत मी, पाहुणे, थट्टा नाही. ह्या दोन हातांनी — नाही, हातांनी म्हणणं जरा जास्त होतं. थोबाडाने. म्हणजे ते तिघेही चॅम्पियन व्हायच्या आधी माझ्याशी लढले आणि माझ्यावर हात साफ करून करून पुढे गेले. पण घडवणं म्हणजे तरी दुसरं काय असतं? मास्तरसुद्धा डोकं फोडूनच घेतात की. फरक एवढाच, त्यांना पेन्शन मिळतं आणि मला हे नाक मिळालं — बघा, समोरून पाहिलं तर उजवीकडे निघालेलं दिसतं, आणि उजवीकडे जाऊन पाहिलं तर तिथेही पोचलेलं नसतं.

बसा ना, उभे का? ती नको हो, ती डावीकडची खुर्ची नको, तिचा एक पाय हलतो. इकडे उजवीकडे या, दिव्याखाली, इथून दोन्ही हात नीट दिसतील तुम्हाला, बँडेजचा एकेक वेढा तपासून घ्या, आत लोखंड-बिखंड घालत नाही ना आम्ही — बसलात का तिकडेच? बरं. ज्याची त्याची हौस. पडलात तर उचलणार नाही, नुसता मोजेन. दहापर्यंत पक्कं येतं मला. शाळा चौथीतच सुटली, पण आकडे मी शाळेत शिकलोच नाही, पाठीवर पडल्या पडल्या शिकलो; वर रेफरी म्हणायचा, खाली मी मनात म्हणायचो. आठच्या पुढचे मला उशिरा कळले, कारण तोवर उठून उभा असायचो. पुढे पुढे नऊ-दहाशीही ओळख झाली.

हात दे, राजे. आधी डावा — आमच्याकडे डावाच आधी, वडिलांची रीत. बोटं फाकव. हा आमचा पुतण्या. ओळख करून द्यायला नको, बाहेरच्या पोस्टरवर आहेच. तुमचा पोरगा वर, सबंध, दात दाखवत, आणि हा खाली छातीपर्यंत, फोटोही कितीतरी वर्षांपूर्वीचा. असू दे. आडनाव मात्र ठळक छापलंय, कारण किंमत त्यालाच आहे. ह्याचे आजोबा बॉक्सर, बाप बॉक्सर, काका — काकाचं सांगितलंच तुम्हाला. आमच्या घरात एखादं पोर अभ्यासाला बसलं तर आई आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघायची.

मोकळं बोला हो, त्याला ऐकू जात नाही; हात दे, बोटं फाकव म्हणतो ते माझ्या सवयीने, त्याला स्पर्शानेच कळतं. कानात ती बोंडं घातलीत ना. लढतीच्या आधी डोळे मिटून असाच बसतो. खोटं वाटतंय? बघा हं — राजे, तुझ्या चड्डीला मागून भोक आहे. — हलला? अहो, खुर्चीला आग लावली तर म्हणेल आज उकडतंय. मलाही वाटायचं गाणी ऐकत असेल, ती धडाधड वाजणारी, रक्त तापवणारी. एकदा चोरून कानात घालून बघितलं. कात्री. खरंच, कात्री चालल्याचा आवाज, चिक चिक चिक, मध्येच पाण्याचा फवारा, मध्येच कंगवा झटकल्याचा. न्हाव्याच्या दुकानात बसून रेकॉर्ड करून आणलंय पठ्ठ्याने. न्हावी व्हायचं होतं ह्याला. बोटं बघा ना — हात लावू नका, नियमात बसत नाही, नुसती बघा — ही बोटं ठोशाची आहेत का? आमच्या जिममधल्या सगळ्यांचे केस हाच कापायचा. माझे अजून कापतो. हे जे दिसतायत तेही त्याचेच. हसताय कशाला, डावी बाजू जरा लांब राहिली, त्यात काय, वारा डावीकडून आला की दोन्ही बाजू सारख्या दिसतात.

दादाला नाही आवडलं ते. दादा म्हणजे ह्याचा बाप, माझा थोरला भाऊ — आत्ता तुमच्याच खोलीत बसलाय, तुमच्या पोराचं बँडेज बघत. तुमचा माणूस आमच्यात, आमचा तुमच्यात, जुन्या काळी राजे एकमेकांची पोरं ओलीस ठेवायचे तसं. बोलायचा नाही तो. तुमच्या पोराला वाटेल खुंटीवर ओव्हरकोट टांगलाय. तर काय सांगत होतो — ह्याने शाळेत असताना कुठून तरी न्हाव्याची मोडकी खुर्ची आणली, गोल फिरणारी. घासली, पुसली, तेलपाणी केलं, एका बाजूला ठेवली. दादा आला, बघितलं, गेला. दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीवर वाळूची पिशवी बांधलेली, आणि दादा एका हाताने ती गरागरा फिरवतोय. म्हणे, छान आणलीस, आता हिला चुकवायला शीक. आणि शिकला हो हा. असा शिकला की पिशवी थकायची.

तुम्हाला आमचं घर नाही ठाऊक. घर कसलं, रिंगच्या कडेने राहायचो आम्ही. वडिलांनी मोठ्या खोलीत रिंग बांधली आणि उरलेल्या जागेत संसार थाटला. रिंगचा एक कोपरा दाराच्या इतका जवळ आला की दार अर्धंच उघडायचं, आत-बाहेर करायचं तर आडवं होऊन. आई आडवी होऊन यायची-जायची. पुढे ती जाड झाली तेव्हा जाणंच सोडलं तिने. हसण्यावारी नेऊ नका, खरंच सोडलं. खिडकीतून भाजीवालीशी बोलायची, तिथूनच पिशवी खाली सोडायची. वडिलांना कोणी म्हणालं, कोपरा हातभर अलीकडे घ्या ना, तर म्हणाले, मग रिंग मापात राहत नाही. मापाचा माणूस.

आणि सुट्टी लागली की सकाळीच आम्हा दोघा भावांच्या हातांत ग्लोव्ह चढवायचे. नाड्या मनगटाशी गच्च, गाठ अशी की आपली आपल्याला सुटायची नाही. आणि कामाला जायचे. संध्याकाळी येऊन सोडायचे. दिवसभर तसंच. तुम्ही कधी ग्लोव्ह घालून दाराची कडी काढून बघितलीय? नाकावरची माशी हाकललीय? बाकीचं मी सांगत नाही, तुम्ही जेवून आला असाल. आई घास भरवायची आम्हाला, एक त्याला, एक मला. दादा दिवसभर भिंतीशी लढायचा. मी आपला नाडी चघळत बसायचो. एकदा मात्र मी जिद्दीला पेटलो, दादाच्या ग्लोव्हची गाठ धरली दातांत, दुपारपर्यंत खपलो, एक दात हलायला लागला — आणि सुटली. म्हटलं, दादा, तुझा हात मोकळा झाला, आता माझी सोड. काय केलं असेल त्याने? हात बाहेर काढला. थोडा वेळ बघितलं त्याच्याकडे, उलटा करून, सुलटा करून, जसं काही कोणाचा तरी सापडलाय. आणि परत ग्लोव्हमध्ये घातला. मला म्हणाला, बांध. आता कशाने बांधू, तुम्हीच सांगा, दातांनी?

मनगट सैल सोड, राजे. — तर ही अशी वंशावळ. आणि आमच्या कोपऱ्यात टॉवेल नसतो, हेही तुमच्या नजरेतून सुटलं नसेल. बादली आहे, स्टूल आहे, बाटली आहे, घाम पुसायला हे शर्टाचे तुकडे आहेत. वडिलांचे जुने शर्ट, चौकड्यांचे. टॉवेल जवळ असला की कोणाला तरी तो रिंगमध्ये फेकावासा वाटतो, बस झालं, थांबवा म्हणावंसं वाटतं. म्हणून वडिलांनी टॉवेल हा प्रकारच घरातून घालवला. आंघोळ झाली तरी आम्ही शर्टानेच अंग पुसतो. लोकांना वाटतं गरिबी. गरिबी नाही हो, घराणं आहे. आणि चौकड्यांचा तुकडा रिंगमध्ये फेकला तर रेफरीला काय वाटणार, प्रेक्षकांतलं कोणीतरी खूश झालं.

ह्याची कारकीर्द? चांगला होता, नाही कशाला म्हणू. पायांत स्प्रिंग होती. सुरुवातीची कितीतरी वर्षं कोणाच्या हाताला लागलाच नाही. समोरच्याच्या डोक्याकडे असा बघायचा, न्हावी बघतो तसा, की आता कुठून सुरुवात करावी. चॅम्पियनच्या बेल्टसाठी एकदा लढला, टीव्हीवर दाखवली होती ती लढत. शेवटच्या राउंडपर्यंत पुढे होता, आणि गुण मोजल्यावर रेफरीने हात वर केला तो दुसऱ्याचाच. तिथे थांबला असता तर गोष्ट छान संपली असती, नाही? पण सकाळी दादाने दोरी आणून हातात दिली, उड्या मार. मग हळूहळू बेल्टवाले फोन करेनासे झाले आणि वर चढणारी पोरं फोन करायला लागली. वर चढायचं तर पायरी लागते, आणि पायरीवर नाव कोरलेलं असलं की फोटो चांगला येतो. रागावू नका, तुमचा दोष नाही. मीही आयुष्यभर पायरीच होतो, फक्त माझ्यावर नाव नव्हतं, पायपुसणं होतं.

डावा झाला. उघड, मीट, उघड. ठीक. आता उजवा दे.

घंटेची गोष्ट तरी ठाऊक असेल? नाही? मग काय ऐकलंत तुम्ही आमच्याबद्दल. अहो, हा असाच एका लढतीत दोराला टेकलेला, हात खाली आलेले, आणि समोर एक बैल, नुसता ढोसतोय. राउंड संपायला बराच वेळ. दादा कोपऱ्यात, हाताची घडी घालून. टॉवेल नाही. मी बादलीपाशी, हातात ते डोळ्यावरची सूज दाबायचं लोखंड, बर्फातून काढलेलं. आणि बादली तेव्हा पत्र्याची होती, पाहुणे. पुढचं मी केलं नाही, हाताने परस्पर केलं — ठण्ण. काय गोड आवाज आला. बैल थांबला. रेफरी मध्ये पडला. हा येऊन स्टुलावर बसला. पलीकडे घंटा वाजवणारा माणूस आपल्या हातातल्या हातोडीकडे बघतोय, वाजवली का मी, कधी वाजवली. भानगड उघडी पडेपर्यंत ह्याने दोन घोट पाणी घेतलं, श्वास घेतला, बुबुळं जागेवर आली. गुणांवर हरला शेवटी, पण आपल्या पायांनी घरी गेला. आणि वाटेत थांबून, गुडघ्यांवर हात ठेवून हसला. म्हणतो, काका, त्या हातोडीवाल्याचं तोंड. एवढं मी त्याला हसताना नंतर पाहिलं नाही. माझ्या सगळ्या खोड्यांमधली ती एक मी चौकटीत लावून भिंतीवर टांगली असती.

मला मात्र कायमची बंदी. कोपऱ्यात नाही, प्रेक्षकांतही नाही. बादली प्लॅस्टिकची आली, ती बघा, निळी. दादाने स्वतः जाऊन आणली, दुकानात एकेक बादली वाजवून बघितली म्हणे, दुकानदार म्हणाला साहेब, वाद्यं समोरच्या दुकानात मिळतात. मला फक्त ह्या खोलीपुरती परवानगी, बँडेज बांधण्यापुरती. कारण असं बँडेज बांधणारा दुसरा नाही — बरं, आहेत बरेच, पण ते दादाचं ऐकून घेत नाहीत. ग्लोव्ह चढले, ते दार उघडलं, की माझं काम संपलं. मग मी इथेच बसतो, ह्या जाळ्या, चेंडू, मोडकी बाकं, ह्यांच्यात, आणि वरचा आवाज ऐकतो. छत पातळ आहे. आपल्या माणसाला ठोसा पडतो तेव्हा लोक एक आवाज काढतात आणि दुसऱ्याच्या माणसाला पडतो तेव्हा दुसरा. पहिला आवाज आला की मी एखादा चेंडू शोधून त्यात हवा भरायला घेतो. ह्या खोलीतले सगळे चेंडू टम्म आहेत, दाबून बघा कुठलाही.

एक गंमत सांगतो. तुम्ही गप्प बसलाय म्हणून सांगतो; बोलणारा माणूस असता तर नसती सांगितली. ह्याची-माझी एक जुनी खेळी आहे. हे बँडेजचं भेंडोळं मी न सांगता ह्याच्याकडे फेकतो, कुठूनही, कधीही, आणि हा न बघितल्यासारखं करून झेलतो. झेलायचा म्हणजे, मांजराने माशी धरावी. दाराआड लपा, खुर्ची ओढा, ह्याला फसवायचं काम नाही, मी आपला जन्मभर हरत आलो. तर मागे एकदा भेंडोळं फेकलं ते धप्पकन ह्याच्या कानावर. मला वाटलं आज दिवस चांगला. दुसऱ्या दिवशी दाराआडून भ्वॉ केलं, दचकला. चहाचा कप बोटभर सरकवला, सांडला. वाटेत स्टूल ठेवलं, अडखळला. मी खूश, म्हटलं म्हातारपणी कला बहराला आली. आणि मग एका सकाळी दाढी करता करता माझ्या डोक्यात आलं की माझ्या इतक्या खोड्या लागोपाठ आयुष्यात कधी साधलेल्या नाहीत. आणि साधल्या त्या सगळ्या एकाच बाजूने.

त्या दिवसापासून बंद केल्या खोड्या. तो विचारतो, काका, बरं नाही का तुम्हाला.

कोणती बाजू ते मी सांगत नाही. फक्त मघाशी तुम्हाला इकडे बसा म्हटलं ते दिव्यासाठी नव्हतं. सवय झालीय, कोणी आलं की उजवीकडे बसवायचं, म्हणजे हा बरोबर बघून बोलतो आणि कोणाला काही कळत नाही. तुमच्या खुर्चीचा पाय ठणठणीत आहे.

काय रे, राजे? पाणी? — थांबा पाहुणे, मी उठत नाही, बघा तुम्ही. बाटली तुमच्या पायाशी आहे, त्याच्या डाव्या अंगाला, हातभरावर. चाचपतोय. मला वाटतं जमिनीवर — अरे. उठून वळसा घालून ह्या बाजूने आलात? उजवीकडून दिलीत त्याला? पी, राजे, सावकाश. झालं? घाल परत कानात. मीट डोळे.

धन्य आहात पाहुणे. मी आपला आडून आडून येतोय आणि तुम्ही कधीचेच पोचलेले. मग आता लाजायचं कशाला. डाव्या डोळ्याने दिसत नाही त्याला. उजेड-अंधार कळतो, बाकी धूर. डॉक्टरने कसं सोडलं म्हणाल, तर त्याची मजा आहे. डॉक्टर म्हणतो, एक डोळा झाका आणि वाचा. ह्याने डाव्या हाताने डावा झाकला, घडाघडा वाचलं. डॉक्टर म्हणतो, आता दुसरा. ह्याने उजवा हात उचलला आणि झाकला तो परत डावाच. डॉक्टर कागदात डोकं घालून खुणा करतोय. त्याला हात बदललेला दिसला, डोळा नाही दिसला. आमच्या घरची विद्या आहे ही. वडिलांनीही असंच केलं होतं. म्हातारपणी ते दाराच्या त्याच कोपऱ्यावर रोज खांदा आपटायचे आणि रिंगला शिव्या द्यायचे, की ही सरकली. आणि दादाने ह्याला शिकवलं. म्हणजे दादाला ठाऊक आहे. हो. मी बोललो त्याच्याशी. भिंतीशी बोलावं तसं बोललो. शेवटी म्हणाला, 'समोर एकच माणूस असतो. एका माणसाला एक डोळा पुरतो.'

आणि हा स्वतःच जातो हो, कोणी धरून नेत नाही. म्हणतो, काका, एवढी लढत झाली की थांबतो. मागल्या वेळीही एवढीच होती. थांबून करणार काय, दुकान टाकणार? मी चेष्टेत म्हटलं, अर्ध्या गावाचे कान कापशील. हसला नाही. तेव्हापासून मी ते आवाजाचं यंत्र त्याला स्वतः चार्ज करून देतो.

शपथ घेतलीय त्याने माझ्याकडून, स्वतःच्या गळ्याची. डॉक्टरला सांगायचं नाही, रेफरीला नाही, तो सही करायला येतो त्या अधिकाऱ्याला नाही, पेपरवाल्याला नाही. एकेक नाव घालून वदवून घेतलं, मला ओळखून आहे. पण तुमचं नाव घालायला विसरला, पाहुणे. शत्रूला सांगू नकोस, असं कोण कोणाला म्हणतं? तेवढी फट राहिली. आणि मी तर फटीतूनच वाढलोय, आईसारखा आडवा होऊन —

या साहेब, या. झालेच की दोन्ही. बघा ना, बघा, मुठीच्या हाडांवर चिकटपट्टी आलेली नाही. करा सही. तिथेच, मनगटावर. पाहुणे? त्यांनी सगळं बघितलंय, विचारा हवं तर. — हो, चढवतो ग्लोव्ह. हो साहेब, लगेच.

गेला. बघितलंत, दातांत जीभ धरून उभा होतो मी. मला वाटलं तुम्ही बोलाल. समोरच उभा होता तो माणूस, एक शब्द म्हणायचा होता. तुमचंही बरोबर आहे म्हणा, वरच्यांना विचारावं लागत असेल, असं एकाएकी कसं. पण विचारायला काय आहे त्यात? समोरच्या गोटाने हरकत घेतली की डॉक्टरला परत यावंच लागतं, आणि मग तो स्वतःच्या हाताने डोळा झाकतो. नियम आहे, छापलेला आहे, मी अक्षर अक्षर लावून वाचलाय. तुमच्या पोराचं काय जातंय? जिंकल्यात जमा आहे तो. उलट ह्या लढतीवरून उद्या कोणी त्याला बोल लावणार नाही. त्याचा उजवा हात मी पाहिलाय ना, लांबून फिरवून आणतो, कानामागून. दिसणाऱ्याला चुकवायला अगदी सोपा. दिसणाऱ्याला.

हात आत घाल, राजे. ढकल. — दादा काय करेल? घराबाहेर काढेल, काढू दे, त्या दारातून मी आडवा जाईन. हा बोलायचा नाही माझ्याशी. महिनेच्या महिने बोलणार नाही. नाही बोलला तर नाही. केस वाढले माझे की बोलवेल, बस म्हणेल, मान खाली घाला. कापू दे वाकडे-तिकडे. कान गेला तरी माझ्याकडे दुसरा आहे, आणि तसंही घरात ऐकण्यासारखं कोणी काही बोलत नाही.

मी गाठ हळू मारतोय, पण हळू मारली तरी गाठ मारायला कितीसा वेळ लागणार. ह्या दाराची मूठ बघितलीत तुम्ही? गोल, गुळगुळीत. ग्लोव्हने फिरत नाही ती. म्हणजे मी उघडलं तरच हा बाहेर जाणार. दर वेळी मीच उघडतो. दर वेळी वाटतं, नको उघडायला, किल्ली गिळून टाकावी, आणि दर वेळी आठवतं की ह्या दाराला किल्लीच नाही. दुसरा हात, राजे. गाठ दोनदा चुकली माझी. म्हातारा झालो.

ऐकलंत? आमचंच नाव पुकारलं. दादा निघाला असेल तिकडून, त्याच्या बुटांचा आवाज येतोय. आता वेळ नाही पाहुणे. तुम्ही आल्यापासून एक अक्षर बोलला नाहीत, आणि मी बडबड्या माणूस, मला गप्प माणसांची भीती वाटते; एकाच्या सोबत जन्म काढलाय मी. हसा हवं तर, पण बोला. दाराबाहेर तो अधिकारी अजून उभा आहे. हरकत आहे म्हणा. एवढंच म्हणा. पाया पडू का? पडतो, मला पडायची सवय आहे. बोला ना.

"काका, तो डोळा आमच्या गोटाला आधीपासून माहीत आहे. म्हणूनच तर ही लढत मागून घेतली. उघडा आता दार."